सगळ्या घराला एकच बाटली

किल्ली कुलपात अर्धी गेली आणि तिथेच रुसून बसली.

*

दात लागलेला पावाचा तुकडा, कागदात गुंडाळून परत आलेला.

*

"हिला नाक दिलं, पण डोकं द्यायचं राहून गेलं," असं थोरली जाऊ म्हणाली आणि सगळे हसले. जिच्याबद्दल म्हणाली तीही हसली, पण जरा उशिरा.

*

सासरे सायकलवरून उतरले की पुढचं चाक उचलून हाताने एक फिरकी देतात. मग घरात जातात, चपला काढतात, पाणी पितात. बाहेर चाक अजून फिरतच असतं.

*

शिलाई मशीनवर एक एप्रन. सुई त्यात रुतलेली. ना वर येत, ना खाली जात.

*

सूर्यफुलाच्या तेलाची बाटली, खिडकीत. तिच्यातून ऊन आलं की समोरच्या भिंतीवर एक पिवळा डाग थरथरतो.

*

हे सगळं एकाच घरातलं. पुढे राहण्याच्या खोल्या, मागे लांबट खोलीत पावाची भट्टी, आणि दोन्हींच्या मधे एक दार. त्या दाराची बिजागरी इतकी कुरकुरायची की भट्टीत कोण गेलं आणि कोण बाहेर आलं, ते सासूबाईंना पलंगावर पडल्या पडल्या कळायचं. सून कोणती, हेसुद्धा. थोरली दार ढकलायची, धाकटी लोटायची.

भट्टी सासूबाईंनी उभी केली होती. हाताने पीठ मळून मळून मनगटं गेली तेव्हा पीठ मळायचं मशीन आलं. खाली मोठं पातेलं, वर जड लोखंडी डोकं, आणि डोक्यातून खाली उतरलेला एक आकडा, जो पातेल्यात गरगर फिरून पिठाला वठणीवर आणायचा. मशीन पहिल्यांदा कुरकुरलं त्या दिवशी सासूबाईंनी नियम केला.

"जे पोटात जाणार, त्याच्या आसपास मशीनचं काळं तेल फिरकता कामा नये. याला खायचंच तेल घालायचं."

नियम काळजीपोटी केलेला. त्यात खोट काढायची कुणाची छाती नव्हती. आणि एकदा बाटली उघडलीच आहे म्हटल्यावर तेच तेल शिलाई मशीनला गेलं, कुलपाला गेलं, बिजागरीला गेलं, चमच्यांच्या खणाला गेलं. दर सोमवारी थोरली जाऊ एका हातात बाटली आणि दुसऱ्या हातात कापसाचा बोळा गुंडाळलेली काडी घेऊन घरभर फिरायची, कुंड्यांना पाणी घालत हिंडावं तशी. जिथून आवाज येईल तिथे दोन थेंब. आठवडाभर आवाज बंद. मग पुन्हा आवाज, पुन्हा दोन थेंब.

फक्त सायकल या फेरीतून सुटली होती. "तिला हात लावायचा नाही," सासरे सांगायचे. "तिचं ती बघते."

धाकटी या घरात आली तीच नाक घेऊन. मैद्याचं पोतं काल उघडलंय की परवा, दूध तापायला लागलंय की उतू जायला आलंय, नवरा सरळ घरी आलाय की मित्राकडून, सगळं ती वासावरून सांगायची. सासूबाईंनी लाडाने तिचं नाव ठेवलं होतं नाकाडी. या नाकाच्या जोरावर तिने भट्टीत एक नवी गोष्ट आणली. थोड्याशाच खमिरावर पीठ सावकाश, जास्त वेळ मळायचं, आणि रात्रभर मुरू द्यायचं. असा पहिला पाव सासूबाईंनी खाल्ला आणि दुसऱ्याला हात घातला. तीच परवानगी. त्या दिवसापासून पीठ धाकटीचं झालं. घरात बाकी काहीच तिचं नव्हतं. पलंग सासऱ्यांच्या बहिणीचा होता, कपाट थोरलीचं जुनं. पीठ मात्र तिचं.

आणि मग पाव परत आला.

*

हॉटेलची मालकीण स्वतः क्रेट कमरेवर घेऊन आली. दोन गल्ल्या पलीकडे तिचं हॉटेल. भट्टीचे निम्मे पाव तिच्याकडेच जायचे. तिने क्रेट ओट्यावर आदळला.

"घ्या, तुमची रत्नं परत घ्या. गिऱ्हाईक मला विचारतंय, पावाला भिंतीचा रंग लावलाय का म्हणून!"

सासूबाईंनी कागदातला तुकडा उलगडला, नाकाशी नेला आणि लगेच लांब धरला.

"आंबलंय," त्या म्हणाल्या.

सगळ्यांच्या माना धाकटीकडे वळल्या.

"परवा सकाळी एक पाव आणा," मालकीण म्हणाली. "तुमच्यासमोर खाईन. जमला तर जमला, नाहीतर मी दुसरी भट्टी बघते. मागून बोलण्यापेक्षा तोंडावर सांगितलेलं बरं."

ती गेली. सासूबाई पलंगावर बसल्या आणि त्यांनी पदराने तोंड पुसलं. निकाल द्यायच्या आधी त्या नेहमी तोंड पुसायच्या.

"ते रात्रभर मुरवणं बंद. उद्यापासून पीठ थोरली बघेल. तू पाव बांधायला बस."

"आई, हा वास आंबट नाही. खवट आहे."

"वास तो वास," थोरली म्हणाली. "त्याची काय कुंडली मांडतेस?"

"ताई, आंबट पिठातून येतो. खवट तेलातून येतो. आणि आपण पिठात तेल घालतच नाही."

"मग आला कुठून? आभाळातून?"

"तेच शोधते. आई, परवापर्यंत पीठ माझ्याकडे राहू द्या."

सासूबाईंनी पुन्हा पदराने तोंड पुसलं.

"परवापर्यंत. आणि नाही सापडलं, तर पुन्हा पिठाचं नाव काढायचं नाही. कबूल?"

"कबूल," धाकटी म्हणाली.

*

तिने पोती हुंगली. चाळणी हुंगली. खमिराचा डबा, मिठाची बरणी, पाण्याचा पिंप, भाजायचे साचे, साचे पुसायचं फडकं. भट्टीत डोकं घालून हुंगलं आणि केसांना काजळी लावून बाहेर आली.

"पोती झाली, साचे झाले," थोरली दारात उभी राहून म्हणाली. "आता मलाही हुंगून घे, मनात शंका नको."

"तुम्हाला कांद्याचा वास येतोय."

"चिरतेच आहे मी कांदा!"

कुठेच काही नव्हतं. सगळं जिथल्या तिथे, ज्याच्या त्याच्या वासाचं. दुपारी धाकटी हात टेकून बसली. बसल्या बसल्या निदान फाटलेला एप्रन शिवावा, म्हणून तिने तो शिलाई मशीनवर चढवला. चाक फिरवलं. सुई आत गेली आणि अडकली. चाक पुढे जाईना, मागे येईना. कुठे काय अडकलंय ते बघायला ती खाली वाकली, नाक पार सुईच्या दांडीपर्यंत नेलं, आणि तशीच थांबली.

तोच वास.

जुन्या तेलाचा. बंद खोलीत कुणी रंग लावून ठेवावा तसा. गिऱ्हाईक खोटं बोललं नव्हतं.

ती उठली. पुढच्या दाराच्या कुलपातून किल्ली ओढून काढली, हुंगली. तोच. भट्टीच्या दाराशी गेली, बिजागरीला नाक लावलं. तोच. तिथे बोट फिरवलं तर बोट चिकटलं. चमच्यांचा खण अर्धा उघडून हुंगला. तोच, वर थोडा चमच्यांचा. मग खिडकीतली बाटली उघडली.

काही नाही. ताजं, स्वच्छ, निर्मळ तेल.

इथेच सगळं घर फसलं होतं. बाटलीतल्या तेलात दोष नव्हता, कढईतल्या तेलात नव्हता. पण तेच तेल लोखंडाच्या फटीत पातळ पसरून महिनोन्‌महिने पडलं, त्याला हवा लागली, ऊब लागली, की ते आधी खवट होत होतं आणि मग डिंकासारखं घट्ट. वरून थोरली दोन ताजे थेंब सोडायची; ते डिंक जरासा सैल करायचे आणि हळूहळू स्वतः डिंक व्हायचे.

धाकटी मशीनपाशी गेली. पीठ मळायच्या. तिने लोखंडी डोक्याखाली हात घातला, आकड्याची दांडी जिथून बाहेर येते तिथे बोट फिरवलं. बोटावर एक थेंब आला. मधासारखा पिवळा, मधासारखा दाट. मधाचा वास मात्र नव्हता.

खाली पातेलं होतं. पातेल्यात रोज तिचं पीठ.

आणि तिच्या मनात आलं की अगदीच आपला संबंध नाही असंही नाही. आपण पीठ जास्त वेळ मळायला लागलो, मशीन जास्त वेळ चालायला लागलं, डोकं जास्त तापायला लागलं. आधी जे आत चिकटून होतं ते पाझरायला लागलं.

*

आता सांगायचं कसं? बाटली थोरलीच्या हातातली. नियम सासूबाईंचा. धाकटीच्या हातात काय, तर एक पिवळा थेंब.

तिने काही सांगितलं नाही. संध्याकाळी पीठ भिजवलं, अर्धं मशीनला दिलं, अर्धं हाताने मळलं. मनगटं भरून आली तेव्हा सासूबाईंची मनगटं का गेली ते तिला नीट कळलं. दोन्ही गोळे शेजारी शेजारी झाकून ठेवले, सकाळी एकाच भट्टीत भाजले, आणि दोन तुकडे एका ताटलीत घेऊन पलंगापाशी गेली.

"आई, डोळे मिटा."

"का गं, काय भरवतेस?"

"मिटा तर."

सासूबाईंनी डोळे मिटले. पहिला तुकडा तोंडात घेतला, आणि त्यांचं नाक आक्रसलं.

"हा खवट आहे," त्या म्हणाल्या. कोणता शब्द वापरला ते त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी एक डोळा उघडला.

"मिटा, अजून एक आहे."

दुसरा तुकडा त्या सावकाश चावत राहिल्या. गिळला. पुन्हा हात पुढे केला.

"आणि हा?" धाकटीने विचारलं.

"हा पाव आहे."

"पीठ एकच, खमीर एकच, दोन्ही रात्रभर मुरलेले," धाकटी म्हणाली. "तुम्हाला आवडला तो हाताने मळला. खवट तो मशीनने." आणि तिने बोटावरचा नवा थेंब त्यांच्यापुढे धरला. "हे दांडीवरून उतरतंय. शिलाई मशीनमध्ये हेच आहे. कुलपात हेच आहे."

थोरली दारात कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे माझ्या तेलाने झालं सगळं?"

"तुझ्या नाही," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या." मग ताठ बसल्या. "पण एक ऐकून ठेवा दोघी. ते काळं ग्रीस माझ्या पिठावर गळू देणार नाही. त्यापेक्षा मशीन भंगारात घाला आणि मला परत पातेल्यापाशी बसवा."

"नियम तुमचा बरोबरच आहे, आई. तेल तेवढं चुकलं."

सासूबाईंनी भट्टीच्या दाराकडे बोट दाखवलं. "मग उघडा ते मशीन."

*

"सरक," थोरली म्हणाली. "तुला पाना धरता येतो का? नाकाने उघडणार आहेस?"

तिने मशीनचा प्लग काढून ठेवला, पदर खोचला आणि चार बोल्ट सोडवून लोखंडी डोक्याचं झाकण उचललं. आत दातेरी चाकं होती, पण ती दिसत नव्हती. सगळं तपकिरी, चिकट, एकतारी पाकासारखं तार सुटणारं. दोघी बघतच राहिल्या.

"हे मी घातलं?"

"थोडं थोडं करून."

"अगं, ही चाकं फिरत कशी होती?"

"तुमच्या धाकाने."

थोरलीला हसू आलं आणि मग ते आवरेना. हसत हसत दोघींनी लाकडी चमच्याने तो डिंक खरवडला, गरम साबणाच्या पाण्याने एकेक दाता घासला, स्पिरिटने पुसला आणि चाकं स्वच्छ फडक्यावर उन्हात मांडली. आतलं सगळं जुनं निघाल्याशिवाय नवं काही घालायचं नाही, यावर धाकटी अडून बसली. दांडीभोवतीची रबरी कडी हातातच तुटली. तेल गळत होतं ते तिच्यातूनच.

*

हार्डवेअरच्या दुकानात:

"ग्रीस काळं आहे, लाल आहे, निळं आहे. कुठलं देऊ?"

"खायच्या मशीनला हवंय," धाकटी म्हणाली.

"मशीन खातं थोडंच, वहिनी!"

"आम्ही खातो. मशीनमधलं."

दुकानदाराने चष्मा कपाळावरून खाली घेतला. मग एक फवाऱ्याचा डबा पुढे केला. "हे न्या. सगळ्याला चालतं."

"सगळ्याला चालणारं आमच्याकडे एक होतं," थोरली म्हणाली. "त्यानेच हे दिवस दाखवले."

दुकानदार हसला आणि मग सरळ वागायला लागला. फवारा गंज सोडवायला ठीक, अडकलेला स्क्रू सोडवायला ठीक, पण तो असलेलं ग्रीसही धुऊन नेतो आणि स्वतः उडून जातो, हे त्याने कबूल केलं. मग त्याने प्रश्न विचारले. चाकं आडवी की उभी? मशीन तापतं का? किती वेळ चालतं? धाकटीने एकेकाचं उत्तर दिलं. तो शिडीवर चढला आणि वरच्या फळीवरून एक पांढरी नळी काढून आणली. तिच्यावर पेला आणि काटा-चमच्याचं चित्र होतं.

"हे खाण्याच्या मशीनसाठीच असतं. चुकून कणभर पिठात गेलं तरी अपाय नाही. यात पातळही येतं, पण तुमचं डोकं वर आणि पातेलं खाली; पातळ घेतलंत तर आपलं सरळ खाली उतरेल. हे दाट घ्या. आणि रबरी कडी नवी बसवा, नाहीतर सोनं घातलंत तरी गळेल."

धाकटीने झाकण उघडलं आणि हुंगलं. दुकानदार बघत राहिला.

"काय येतंय?"

"काहीच नाही," ती म्हणाली, आणि तिला इतका आनंद झाला की तिने पुन्हा हुंगून खात्री केली.

शिलाई मशीनसाठी पाण्यासारखं पातळ, बिनरंगाचं तेल घेतलं. कुलपासाठी काय, असं विचारल्यावर दुकानदाराने हात जोडले. "कुलपाला तेलच नको. धूळ धरतं. आतलं धुऊन काढा, वाळू द्या, आणि किल्लीवर पेन्सिलचं शिसं घासा. घरी पेन्सिल असेलच. आणि लाकडी खण असेल तर त्याला मेणबत्ती फिरवा. आता जा, नाहीतर माझा माल कोण घेणार!"

*

संध्याकाळी नवी रबरी कडी बसवून, पांढरं ग्रीस भरून मशीन सुरू केलं. दोघी कान देऊन उभ्या राहिल्या. आधी ते दळण दळल्यासारखं घरघरायचं. आता नुसता पिठाचा आवाज येत होता, ओल्या पिठाचा, पातेल्याच्या कडेला थाप मारत फिरणाऱ्या. जणू मशीन तिथे नव्हतंच. धाकटीने डोक्याखाली बोट फिरवलं. बोट कोरडं.

दरम्यान थोरलीला चेव चढला होता. तिने शिलाई मशीन खोलून पुसलं, पातळ तेलाचे थेंब दिले, आणि एप्रन एका दमात शिवून टाकला. कुलूप धुतलं, वाळवलं, पेन्सिल घासली. किल्ली लोण्यात गेल्यासारखी आत गेली. बिजागरीचा खिळा काढून पुसला. मग दार लोटलं, ढकललं, पुन्हा लोटलं. चकार शब्द नाही.

"अगं ए!" पलंगावरून आवाज आला. "आत कोण गेलं, बाहेर कोण आलं, आता मला कळणार कसं?"

"विचारायचं, आई!" दोघी एकदम म्हणाल्या.

*

परवाची सकाळ उजाडली. हॉटेलात एकटीने जायची धाकटीची तयारी होती. पण थोरली साडी बदलून उभी, सासूबाई काठी घेऊन उभ्या, आणि सासऱ्यांनी पाव फडक्यात बांधून सायकलला लावलासुद्धा. वरात निघाली. रस्ताभर कुणी बोललं नाही. सायकलची चाकंही नाहीत.

मालकिणीने पाव हातात घेतला. मोडला. आतली जाळी बघितली. नाकाशी नेला. पिठाचं नाव पुन्हा काढायचं की नाही हे आता दुसऱ्याच्या नाकावर होतं.

मालकिणीने एक घास घेतला. चावला. आतल्या आचाऱ्याला हाक मारली. त्याने एक घास घेतला, मग न विचारता दुसरा.

"तुला नाही सांगितलं दुसरा घ्यायला," मालकीण म्हणाली आणि उरलेला पाव तिने स्वतःकडे ओढला. उभ्या उभ्या, कशाशीही न लावता, नुसता खाल्ला. शेवटी बोटावरचा चुरासुद्धा.

"काय केलंत हो?"

"काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या नाकाडीने मशीनचं दुखणं हुंगून काढलं."

"मग उद्यापासून पहिल्यासारखे पाठवा."

"पहिल्यासारखे नाही. पहिल्यापेक्षा जास्त घे. रत्नं परत आणून टाकली होतीस ना? आता ती आम्ही मोजून देणार."

मालकीण हसली, थोरली हसली, आचारी हसला. धाकटीही हसली, आणि या वेळी सगळ्यांच्या आधी.

परत येताना सासूबाई थांबल्या, काठीवर दोन्ही हात ठेवले, तोंड पुसलं.

"पीठ तुझं," त्या म्हणाल्या. "रात्रभर मुरव, नाहीतर आठवडाभर मुरव. मला विचारू नकोस." मग थोरलीकडे वळून, "आणि तू, ती बाटली स्वयंपाकघरात ने. भजी तळ तिच्यात."

सोमवारी थोरली पुन्हा घरभर फिरली, पण आता ताट घेऊन: पांढरी नळी, पातळ तेलाची कुपी, पेन्सिल, मेणबत्ती. प्रत्येक गोष्टीपाशी थांबून ती धाकटीला विचारत होती, "याला काय?" आणि धाकटी आधी हुंगत होती, मग सांगत होती. सायकलपाशी येताच सासरे आडवे आले.

"तिचं ती बघते," ते म्हणाले, आणि त्यांनी चाकाला एक फिरकी दिली.

पीठ मळायचं मशीन घरी आलं तेव्हा त्याच्या खोक्यात पांढऱ्या ग्रीसची एक नळी होती, आणि सासऱ्यांनी ती तेव्हाच, कुणाला न सांगता, सायकलच्या चाकांत भरली होती.